नाव तेच, तरी जुळत का नाही?

भुसावळला दर रविवारी सकाळी मी आठवी ते अकरावीच्या दहा-बारा पोरांना पायथॉन शिकवतो. पायथॉन म्हणजे कॉम्प्युटरला कामं सांगायची एक भाषा. शिकायला सोपी, म्हणून नवख्यांना तिथूनच सुरुवात करून देतात. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर वर्गातली एक मुलगी आजीला घेऊन आली. आजींच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत सात-बारा, पासबुक, रेशन कार्ड आणि भरलेल्या अर्जांच्या प्रती. तीन खेटे झाले होते आणि तिन्ही वेळा पडद्यावर लाल अक्षरांत एकच ओळ आली होती: नाव जुळत नाही.

जुनी नोंद आणि भरलेला अर्ज, असे दोन्ही कागद मी शेजारी शेजारी ठेवले. एकीकडे आडनाव बऱ्हाटे, दुसरीकडेही बऱ्हाटे. काना-मात्रा सगळं जागच्या जागी. आजी म्हणाल्या, "नाव तं माह्यंच हाये ना, भाऊ? मंग जुयत काहून नाही?"

मुलीच्या मोबाईलमध्ये दोन्ही नोंदी होत्या. त्यांतून आडनाव जसंच्या तसं उचलून पायथॉनमध्ये टाकलं आणि विचारलं, ही दोन्ही सारखी आहेत का? उत्तर आलं, नाहीत. मग प्रत्येकात किती चिन्हं आहेत ते मोजायला लावलं. एकात सात निघाली, दुसऱ्यात आठ. पोरं खुर्च्या सोडून पडद्यासमोर गोळा झाली.

शेतकरी ओळख क्रमांक, बँकेचं केवायसी, शाळेतला अपार क्रमांक, अशा कितीतरी ठिकाणी आज एका कागदावरचं नाव दुसऱ्या कागदावरच्या नावाशी ताडून पाहिलं जातं आणि बहुतेक वेळा ते काम मशीनच करतं. लाल ओळ आली की माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. म्हणून कॉम्प्युटर नाव वाचतो म्हणजे नेमकं काय करतो, हे मुळापासून सांगतो.

कॉम्प्युटरला अक्षर दिसतच नाही

कॉम्प्युटरच्या पोटात फक्त आकडे असतात. 'ज' हे अक्षर साठवायचं तर त्याला एक क्रमांक ठरवून द्यावा लागतो. मग पडद्यावर दाखवायच्या वेळी फॉन्ट त्या क्रमांकाचं चित्र काढतो. १९६३ साली अमेरिकेत असा एक तक्ता ठरला, त्याचं नाव आस्की. त्यात १२८ जागा होत्या: इंग्रजीची मोठी अक्षरं, आकडे, विरामचिन्हं, आणि १९६७ च्या सुधारणेपासून छोटी अक्षरंही. त्यात मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५, छोट्या 'ए'चा ९७ आणि रिकाम्या जागेचा ३२. हो, रिकाम्या जागेलाही क्रमांक असतो. आपल्याला ती कोरी दिसते, मशीनला ती इतरांसारखीच एक चीज वाटते.

त्या तक्त्यात मराठीला जागा नव्हती. १९९१ पासून युनिकोड नावाचा जगभराचा तक्ता आला. त्यात देवनागरीला २३०४ ते २४३१ असा १२८ जागांचा वाडा मिळाला. 'ज' २३३२, 'ळ' २३५५, 'ग' २३२७, काना २३६६, 'व' २३५७. हे पाच आकडे ओळीने लिहिले की झालं जळगाव.

अशी ओळीने लावलेली चिन्हं म्हणजे स्ट्रिंग. प्रोग्रामरांचा हा एकच शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे तोच लागेल. नाव, पत्ता, गाडीचा नंबर, व्हॉट्सअॅपचा निरोप, सगळ्या स्ट्रिंगच. भुसावळकरांना तर हे डोळ्यांसमोर आणणं अगदी सोपं. यार्डात उभी असलेली मालगाडी आठवा. एकामागे एक डबे, प्रत्येक डब्यात एक चिन्ह, डब्यांचा क्रम ठरलेला. एक डबा बदलला किंवा मध्ये एक रिकामा डबा जोडला की ती वेगळी गाडी.

मशीन दोन नावं ताडतं म्हणजे दोन गाड्या समांतर रुळांवर उभ्या करून डबा डब्याशी लावून बघतं. पहिल्यात २३३२, दुसऱ्यात २३३२, ठीक. पुढचा डबा. जिथे पहिला फरक दिसेल तिथे निकाल: जुळत नाही. नावाचा अर्थ, माणूस, गाव, यांतलं काहीही त्याच्या हिशेबात नाही.

जुन्या फाइलींचा घोळ इथेच कळतो. लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टातला मजकूर असतो. त्यात आत क्रमांक इंग्रजीचेच असतात, फॉन्ट फक्त त्यांच्यावर मराठी चेहरा चढवतो. तो मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेला की चेहरा गळून पडतो आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मजकूर बिघडलेला नसतो, मुळात तो मराठीत साठवलेलाच नव्हता.

मोजणी शून्यापासून का?

नवीन पोरं इथे हमखास अडतात. पायथॉनमध्ये पहिल्या चिन्हाचा क्रमांक शून्य, दुसऱ्याचा एक. "सर, पहिला तो पहिलाच ना?" असा प्रश्न दर वर्षी येतो, आणि तो विचारायलाच हवा.

परत मालगाडीकडे या. डब्याचा क्रमांक म्हणजे इंजिनापासून निघून त्या डब्यापर्यंत पोचायला किती डबे ओलांडावे लागतात, तो आकडा. पहिल्या डब्यासाठी एकही ओलांडावा लागत नाही, म्हणून शून्य.

तुकडा कापायचा असला तर आकडे डब्यांवर नाहीत, कपलिंगवर लिहिलेत असं समजा. इंजिन आणि पहिल्या डब्यातलं कपलिंग शून्य, पहिल्या-दुसऱ्यातलं एक, असं पुढे. आता गाडीच्या नंबर प्लेटवरचा मजकूर घ्या. पहिली दोन इंग्रजी अक्षरं राज्याची, एम आणि एच. पुढचे दोन आकडे आरटीओचे: १८ धुळे, १९ जळगाव, ३९ नंदुरबार. 'दोन ते चार' असं कापायला सांगितलं की दोन नंबरच्या आणि चार नंबरच्या कपलिंगमधले डबे सुटे होतात, आणि हातात १९ येतं. एवढ्याशा आज्ञेवर रस्त्यावरून जाणाऱ्या गाडीचा जिल्हा सांगणारा प्रोग्राम तयार. वर्गात हे चाललं की पोरं खिडकीतून दिसेल त्या गाडीचा नंबर टाकत सुटतात.

पण कोणी एम-एच नंतर एक जागा सोडून नंबर लिहिला, तर त्याच कापणीतून एक रिकामी जागा आणि एकटा १ हाती येतो. प्रोग्राम चुकला नाही, गाडीत एक रिकामा डबा वाढला. मजकुरावर काम करणाऱ्याच्या अर्ध्याअधिक अडचणी या जातीच्या असतात.

ओळीतली जागा ठरलेली असली की तपासणी किती सोपी होते, त्याचं चांगलं उदाहरण बँकेचा आयएफएससी. तो ११ चिन्हांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची, पाचवं चिन्ह कायम शून्य, शेवटची सहा शाखेची. पुष्कळ लोक पाचव्या जागी शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' लिहितात. हातानं लिहिताना दोन्ही गोलच, पण आस्कीत शून्याचा क्रमांक ४८ आणि मोठ्या 'ओ'चा ७९. पाचवा डबा उघडून बघणारी एक ओळ प्रोग्राममध्ये असली, तर अर्ज भरतानाच माणसाला सांगता येतं.

'जळगाव' उलटं लिहून बघा

प्रोग्रामिंगच्या कुठल्याही वर्गात एक गृहपाठ ठरलेला: शब्द उलटा करून दाखवा. इंग्रजी शब्द बिनतक्रार उलटतात. मी पोरांना जळगाव उलटवायला देतो.

कागदावर पोरं लिहितात 'वगाळज'. मशीन लिहितं 'वागळज'. गावाचा काना 'ग'वरून उठून 'व'वर जाऊन बसला. कारण मशीनच्या लेखी 'गा' हे एक अक्षर नाहीच. 'ग' एक डबा, काना दुसरा. गाडी उलटी केली की काना आधी 'व'च्या मागे येतो आणि फॉन्ट त्याला जो शेजारी सापडेल त्याला चिकटवतो. धुळे उलटवलं तर त्याहून वाईट. एकार सगळ्यात पुढे येतो, त्याला चिकटायला कोणी नाही, म्हणून तो ठिपक्यांच्या गोलावर लटकत राहतो, आणि 'ध'चा उकार 'ळ'ला लागतो.

त्यामुळेच मोजणीचे आकडे आपल्या डोळ्यांशी जुळत नाहीत. धुळे आपल्याला दोन अक्षरांचं, मशीनला चार चिन्हांचं. पाचोरा आपल्याला तीन, मशीनला सहा. नंदुरबार आपल्याला पाच, मशीनला आठ, कारण अनुस्वारही स्वतंत्र डबा. मुक्ताईनगर आपल्याला सहा, मशीनला दहा, कारण 'क्ता'मध्ये 'क', पाय मोडायची खूण, 'त' आणि काना असे चार डबे आहेत.

याचा रोजच्या जगण्यात भुर्दंड पडतो. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० चिन्हं मावतात. मराठीचं एक चिन्ह जरी आत आलं तरी मर्यादा ७० वर येते. त्या ७० तली आठ एकटं नंदुरबार खातं. सरकारी किंवा बँकेचा मराठी निरोप तुटक आणि आखूड का वाटतो, त्याचं एक कारण हेही आहे. अर्जात 'नाव २० अक्षरांत' अशी चौकट ठेवणारा प्रोग्रामर जर इंग्रजीच्याच हिशेबाने चालला असेल, तर मराठी नाव मध्येच कापलं जातं, आणि कापताना वेलांटी मागे राहून अक्षर पुढे गेलं असंही होतं.

मग बऱ्हाटे आणि बऱ्हाटेत फरक काय होता?

'बऱ्हाटे', 'कुऱ्हाड', 'पऱ्हाटी' यांतला जो अर्धा, डोळ्याच्या पापणीसारखा 'ऱ' आहे, तो मराठीत नेहमी भेटतो. आमच्या भुसावळ तालुक्यातल्या कुऱ्हे पानाचे या गावाच्या नावातही तो बसलेला आहे. युनिकोडमध्ये तो दोन वाटांनी लिहिता येतो. एका वाटेत २३५३ क्रमांकाचा खास 'ऱ' घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा. दुसऱ्या वाटेत साधा 'र', पाय मोडायची खूण, आणि तिच्यामागे डोळ्यांना अजिबात न दिसणारी एक जोडखूण. दोन्ही वाटा अधिकृत आहेत. कोणता कीबोर्ड कोणत्या वाटेनं जातो, ते तो बनवणाऱ्यानं ठरवलेलं असतं. टंकणाऱ्याला पत्ताही नसतो.

पहिल्या वाटेनं बऱ्हाटे सात डब्यांचं, दुसऱ्या वाटेनं आठ डब्यांचं. आजींच्या दोन कागदांत हाच फरक होता. कोणीही चूक केली नव्हती, आजींनी तर नाहीच. तरी तीन वेळा उन्हातान्हात खेटे त्यांनी घातले. हे मला फार लागलं.

असाच प्रकार 'ॲड.' किंवा 'ॲग्रो' लिहिताना होतो. 'ॲ' एका डब्यातही बसतो, आणि 'अ'वर चंद्र ठेवून दोन डब्यांतही. पडद्यावर सारखाच.

खोडायचं नाही, नवा उतारा काढायचा

आता दुरुस्तीकडे. पायथॉनमध्ये एकदा तयार झालेली स्ट्रिंग बदलता येत नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण सात-बारा ज्यांच्या घरात आहे त्यांना हे माहीत असतं. उताऱ्यावर तलाठी खाडाखोड करून नाव बदलत नाही. फेरफार होतो, तो मंजूर होतो आणि नव्या नोंदीचा उतारा निघतो. स्ट्रिंगचंही तसंच. 'रिप्लेस' नावाची आज्ञा आहे, हे चिन्ह काढून ते घाल असं सांगणारी. ती जुन्या स्ट्रिंगला हात लावत नाही, दुरुस्त केलेली नवी स्ट्रिंग काढून देते. ती तुम्ही नाव देऊन सांभाळून ठेवली नाही तर ती वाया गेली. नवखी पोरं 'रिप्लेस' चालवतात, जुनंच नाव परत छापतात आणि म्हणतात बदल होतच नाही. नवा उतारा काढला आणि टेबलावरच विसरून आले, असं झालं ते.

'रिप्लेस' शिकवायला आमच्याकडे घरचंच उदाहरण आहे. लेवा बोलीत आणि अहिराणीत 'ळ'चा 'य' होतो. आजी 'जुयत' म्हणाल्या ते असं. म्हणून पोरांना सांगतो, गावांची यादी घ्या आणि प्रत्येक 'ळ'च्या जागी 'य' घाला. जळगावचं जयगाव, भुसावळचं भुसावय, धुळ्याचं धुये. घरी ऐकलेलं बोलणं पडद्यावर उमटलं की पोरांचे चेहरे बघावेत.

मग उलट करायला लावतो: आता 'य' काढून 'ळ' घाला. जयगावचं जळगाव नीट होतं. पण यादीत यावलही असतं, त्याचं होतं ळावल. पोरं हसतात, पण धडा मोठा आहे. कोणता 'य' मूळचा आणि कोणता 'ळ'चा झालेला, ही माहिती पहिल्याच बदलात पुसली गेली. मशीन ती परत आणू शकत नाही. म्हणून मूळ नोंद कधी फेकायची नाही. साफसफाई नेहमी प्रतीवर करायची.

ताडण्याआधीची झाडलोट

दोन नावं समोरासमोर ठेवण्याआधी दोन्हींची झाडलोट करणं, ही प्रोग्रामरची जबाबदारी. कामं छोटी आहेत. नावाच्या आगेमागे चिकटलेल्या रिकाम्या जागा 'स्ट्रिप' ही आज्ञा काढते. 'स्प्लिट' नाव शब्दाशब्दांत मोकळं करते आणि 'जॉइन' ते एकेका रिकाम्या जागेनं पुन्हा जोडते, त्यामुळे मध्ये दोन-तीन जागा सुटल्या असतील तर त्या जातात. न दिसणाऱ्या जोडखुणा मात्र 'स्ट्रिप'ला दिसत नाहीत, त्यांच्यासाठी स्वतंत्र ओळ लिहावी लागते: जिथे र, पायमोड आणि जोडखूण असे तीन डबे सलग दिसतील, तिथे खास 'ऱ' आणि पायमोड घाल. आजींच्या नावाला हीच एक ओळ हवी होती.

आकड्यांचंही बघावं लागतं. मराठी १९ आणि इंग्रजी १९ मजकूर म्हणून वेगवेगळे, कारण मराठी एकाचा क्रमांक २४०७ आणि इंग्रजी एकाचा ४९. पायथॉनला त्यांचं संख्येत रूपांतर करायला सांगितलं तर मात्र तो दोन्हींना एकोणीसच म्हणतो. पण खाते क्रमांक किंवा मोबाईल नंबर असा संख्येत बदलायचा नाही. सुरुवातीला शून्यं असलेला खाते क्रमांक संख्या झाला की पुढची शून्यं गळतात. ज्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही ते आकड्यांत लिहिलेलं असलं तरी मजकूरच.

यादी लावताना 'ळ' पुन्हा आडवा येतो. अंकलिपीत तो 'ह'नंतर आहे, युनिकोडच्या वाड्यात 'ल'च्या शेजारी. नुसत्या क्रमांकांवर यादी लावली तर भोळे आधी आणि भोसले नंतर. आपल्या वर्णमालेनुसार भोसले आधी यायला हवेत.

"एखाद्या कागदावर आडनाव आधी असतं, त्याचं काय?"

समजा एकीकडे 'पाटील रामदास तुकाराम' आहे आणि दुसरीकडे 'रामदास तुकाराम पाटील'. वर्गातल्या हुशार पोरांना लगेच उपाय सुचतो: दोन्हीकडचे शब्द सुटे करा, अकारविल्हे लावा, मग ताडा. क्रमाचा प्रश्नच उरत नाही.

पण आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. तुकारामचा मुलगा रामदास, रामदासचा मुलगा पुन्हा तुकाराम. बाप रामदास तुकाराम पाटील, लेक तुकाराम रामदास पाटील. शब्द ढवळून अकारविल्हे लावले की बाप-लेक एकच माणूस झाले. वाटणीच्या कागदावर हे काय करू शकतं ते शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको. त्यामुळे सगळे शब्द ढवळायचे नाहीत. आडनाव तेवढं पुढून मागे न्यायचं आणि बाकीचा क्रम जपायचा.

'बाई'चंही तसंच. सात-बारावर सुमनबाई, दुसरीकडे नुसतं सुमन. नावाच्या शेवटचं 'बाई', 'राव', 'भाऊ' काढून बघणं योग्य, पण त्या जुळणीवर 'संभाव्य' असा शिक्का हवा.

"मग मशीनने थोडं समजून का घेऊ नये?"

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि तो रास्त आहे. एका वेलांटीसाठी माणसाला परत का पाठवायचं?

यावर एक जुनं माप आहे. १९६५ साली रशियन गणिती व्लादिमीर लेवेनश्टाइन यांनी ते मांडलं. एका स्ट्रिंगची दुसरी करायला कमीत कमी किती चिन्हं घालावी, काढावी किंवा बदलावी लागतात, तेवढं त्या दोघींमधलं अंतर. 'पाटिल'चं 'पाटील' करायला एक वेलांटी बदलावी लागते, अंतर एक. 'सोनवणे'चं 'सोनावणे' करायला एक काना, अंतर एक. मग नियम करून टाकू, अंतर एक असलं तर नाव जुळलं?

आता राजेश आणि राकेश घ्या. 'ज'चा 'क' केला की झालं. अंतर एक. आणि खानदेशातल्या कुठल्याही गावात राजेश-राकेश नावाचे सख्खे भाऊ सापडतील: बापाचं नाव एक, आडनाव एक, गाव एक, बऱ्याचदा गट नंबरही एक. मशीनच्या मापात पाटील-पाटिल जेवढे जवळ, तेवढेच राजेश-राकेश जवळ. पहिल्या जोडीत एकच माणूस आहे, दुसरीत दोन. चिन्हं मोजून हा फरक कधीही कळणार नाही. तो तलाठ्याला, कोतवालाला, शेजाऱ्याला कळतो.

म्हणून मशीनने स्वतः ठरवू नये आणि माणसाला नुसतं हाकलूनही देऊ नये, असं मला ठामपणे वाटतं. जुळत नाही म्हणताना कुठल्या डब्यात फरक सापडला ते दाखवावं. फक्त न दिसणाऱ्या खुणांचा फरक असेल तर झाडलोट करून नाव पास करावं, ह्रस्व-दीर्घाचा असेल तर माणसाच्या नजरेखालून घालावं, अक्षरच वेगळं असेल तर थांबवावं. यातलं काहीही अवघड नाही. माझ्या वर्गातली नववीची पोरं हे पंचवीस-तीस ओळींत लिहितात.

"इंग्रजीतच नाव लिहिलं की कटकट मिटते ना?"

मिटत नाही, जागा बदलते. चौधरी हे आडनाव इंग्रजीत शेवटी 'आय' लावून लिहिणारे आहेत, 'वाय' लावणारे आहेत, सुरुवातीला 'ए-यू' आणि 'ओ-यू' असे दोन पंथ आहेत. एकाच घरात दोन भावांची स्पेलिंगं वेगळी. गावांचंही तेच: धुळ्याचं इंग्रजांच्या काळातलं स्पेलिंग धुलिया असं वाचलं जायचं. त्यात मोठी-छोटी अक्षरं आली, आणि मशीनला ६५ आणि ९७ वेगळेच.

आणि 'ळ' जातो तो जातोच. भोळे आणि भोले यांचं इंग्रजी स्पेलिंग एकच होतं. ते परत मराठीत आणायचं म्हटलं की यावलचं जे झालं तेच.

"आता हे एआयच लिहून देतं, पोरांनी कशाला शिकायचं?"

एआय ओळी लिहून देतं, खरं आहे. मीही वर्गात वापरू देतो. पण त्या ओळी बरोबर आहेत का, हे बघायला कोणतं नाव टाकून तपासायचं, ते तपासणाऱ्याला ठाऊक असावं लागतं. इंग्रजीत लिहिलेल्या 'हॅलो'वर शब्द उलटवणारा प्रोग्राम उत्तम चालतो. तोच धुळ्यावर आपटतो. ज्यानं आयुष्यात धुळे टाकून पाहिलं नाही, त्याला तो आपटतो हे कधी कळणारच नाही, आणि त्यानं बनवलेला अर्ज एके दिवशी कुऱ्हे पानाच्या कोणासमोर लाल ओळ काढेल.

म्हणून माझ्या वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात एक यादी कायम लिहिलेली असते: धुळे, मुक्ताईनगर, कुऱ्हे पानाचे, बऱ्हाटे, ॲड., भोळे-भोसले, राजेश-राकेश, तुकाराम रामदास आणि रामदास तुकाराम. मजकुराशी खेळणारा कुठलाही प्रोग्राम या यादीवरून गेला तरच तो पुरा झाला. मराठी मुलांना स्ट्रिंग शिकवायच्या तर पहिल्या दिवसापासून मराठी मजकुरावर शिकवाव्यात, असं मी प्रत्येक शिक्षकाला सांगत असतो.

आजींच्या अर्जाचं काम त्याच आठवड्यात झालं. नव्या अर्जात आडनाव परत टंकलं नाही. जुन्या नोंदीतून उचलून जसंच्या तसं चिकटवलं, आणि हिरवी खूण आली. नातीनं मात्र तेवढ्यावर सोडलं नाही. पुढच्या रविवारी तिनं सहा ओळींचा एक प्रोग्राम करून आणला. कुठलंही नाव टाकलं की तो एकेक डबा उघडून त्यातलं चिन्ह आणि क्रमांक दाखवतो, आणि न दिसणारी खूण असली तर तिथे 'इथे काहीतरी लपलंय' असं लिहितो. गल्लीतल्या चार घरांचे कागद तिनं त्यातून काढले होते. वहीत घरागणिक ओळ होती. दुसऱ्या घराच्या ओळीपुढे लाल पेनानं लिहिलं होतं: काकांचं नाव सात, काकूंचं आठ, दोघांचं आडनाव बऱ्हाटेच.